अल्पमुदतीचे बिऱ्हाड : एक आढावा

मुंबई, ठाणे आणि पुणे या पट्ट्यात वर्षानुवर्षे भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांच्या अडचणींविषयी पुष्कळ लिहिले जाते; परंतु ज्याला तीनच महिन्यांसाठी, किंवा मुदतीची शाश्वती न देता महिन्यामहिन्याने, डोक्यावर छप्पर हवे असते, अशा इसमाची दखल भाडेकरूंच्या संघटना घेत नाहीत आणि घरमालकांचे प्रवक्तेही घेत नाहीत. तरी हा वर्ग लहान नाही. परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी विदर्भातून किंवा मराठवाड्यातून आलेले आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा न मिळालेले रुग्णाचे आप्त; हिंजवडीतील एखाद्या कंपनीत सहा महिन्यांच्या कामावर नेमणूक झालेला तरुण; मालिकांमध्ये काम मिळेल या आशेने ओशिवऱ्यात किंवा वर्सोव्यात बस्तान मांडणारे नट; जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करून दिल्यामुळे विकासकाकडून दरमहा भाडे घेणारे, पण बांधकाम केव्हा पुरे होईल हे ज्यांना ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही असे गृहस्थ; आणि बदलीचा हुकूम हाती पडून नव्या गावी रुजू झालेला, परंतु मुलांच्या परीक्षा संपेपर्यंत कुटुंब मागे ठेवून आलेला अधिकारी, ही सारी मंडळी एकाच दलालाच्या दुकानात, एकाच लाकडी बाकावर बसलेली आढळतात.

या सर्वांची घरमालकाशी जी बोलणी होतात ती वरकरणी भाड्याच्या आकड्याभोवती फिरतात. 'पस्तीस सांगितलेत, पण बत्तीसला जमवून देतो' असे दलाल म्हणतो, मालक थोडा वेळ नाराजी दाखवतो, तेहतिसावर तडजोड होते, आणि दोन हजार वाचले म्हणजे वाटाघाट फत्ते झाली अशा समजुतीने भाडेकरू सही करून मोकळा होतो. माझ्या मते अल्पमुदतीच्या व्यवहारात भाड्याचा आकडा हा सर्वांत कमी महत्त्वाचा आकडा आहे. मालकाच्या मनात जागेचा कब्जा वेळेवर परत न मिळण्याचे आणि परत मिळाल्यावर ती रिकामी पडून राहण्याचे भय असते. राहणाऱ्याच्या मनात अवेळी बाहेर काढले जाण्याचे आणि अनामत रक्कम अडकून पडण्याचे. खरी घासाघीस या भयांची असते, आणि ती उपजली कोठून हे पाहिल्यावाचून आजच्या करारनाम्यातील एकही कलम नीट उलगडत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी, १९१८ साली, मुंबईत भाडेवाढीस आळा घालणारा पहिला कायदा झाला, तो तात्पुरता म्हणून. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर १९३९ साली आणि पुन्हा १९४४ साली तशीच नियंत्रणे आली, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी त्या सर्वांना एकत्र करून १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा संमत झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे चालू होते तेच 'प्रमाणभाडे' म्हणून गोठवण्यात आले. भाडे देत राहणाऱ्या कुळास कायद्याने सांगितलेल्या मोजक्या कारणांवाचून काढता येईना. निर्वासितांच्या लोंढ्याने आणि युद्धोत्तर महागाईने गांजलेल्या शहरात हा उपाय अन्यायाचा होता असे म्हणणे कठीण. परंतु तात्पुरती तजवीज म्हणून आणलेली गोष्ट मुदतवाढीवर मुदतवाढ घेत पन्नास वर्षे टिकली, तेव्हा तिचे परिणाम मूळ हेतूच्या उलट दिशेने वाहू लागले. मालकाने दुरुस्ती थांबवली, पागडीचा समांतर बाजार उभा राहिला, आणि ज्याला नवी जागा भाड्याने द्यायची होती त्याने ती भाड्याने न देण्याची युक्ती शोधून काढली. ती युक्ती म्हणजे 'लीव्ह अँड लायसन्स'.

भाडेपट्टा आणि परवाना यांतील भेद १८८२ साली झालेल्या दोन निरनिराळ्या कायद्यांतून आलेला आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याखाली भाडेपट्ट्याने मिळकतीत हक्क निर्माण होतो. त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्याच्या ५२व्या कलमाखाली परवान्याने मात्र हक्क असा काहीच मिळत नाही, जे कृत्य एरव्ही अतिक्रमण ठरले असते ते करण्याची केवळ मुभा मिळते. 'मी तुला जागा भाड्याने देत नाही, तू येथे राहिलास तर मी हरकत घेत नाही, एवढेच' असे लिहून दिले की प्रमाणभाडे नाही आणि कुळाचे संरक्षणही नाही, असा हा सरळ हिशेब होता. न्यायालयांना तो कळला नव्हता असे नाही. दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलातील केशभूषेच्या जागेवरून निघालेल्या १९५९च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की दस्तऐवजाचे नाव काय आहे हे पाहू नये, त्याचे अंतरंग पाहावे. अंतरंग पाहण्यासाठी मात्र खटला चालवावा लागतो, आणि खटला चालवण्याची ऐपत असलेला मनुष्य सहसा तीन महिन्यांसाठी खोली शोधत नाही.

यानंतर आली ती तारीख जुन्या घरमालकांच्या स्मरणात अद्याप आहे : १ फेब्रुवारी १९७३. त्या दिवशी वैध परवान्याने जे जे कोणी एखाद्या जागेत राहत होते त्या सर्वांना कायद्यात दुरुस्ती करून कुळ मानण्यात आले. काल पाहुणा म्हणून आलेला मनुष्य आज घरचा झाला आणि त्याला जाण्यास सांगण्याचा अधिकार संपला, अशी मालकवर्गाची भावना झाली. तिच्यात अतिशयोक्ती थोडी होती, परंतु तिचे परिणाम दीर्घ होते. कुलूप लावलेली घरे हा मुंबईच्या गृहप्रश्नातील एक विचित्र विरोधाभास त्या काळात दृढ झाला. घरांची टंचाई आणि रिकामी घरे एकाच गल्लीत नांदू लागली. १९८७ साली परवान्याची मुदत संपल्यावर जागा लवकर परत मिळवून देणारी सक्षम प्राधिकाऱ्याची व्यवस्था आली, तेव्हा मालकांच्या जिवात थोडा जीव आला. पुढे डिसेंबर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणभाड्याच्या जुन्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे बजावले, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. आजची सारी बोलणी या कायद्याच्या छत्राखाली होतात. एवढी वर्षे लोटली, तरी एखाद्या मालकास सहा महिन्यांनंतर आणखी दोन महिने राहू देण्याची विनंती केली असता तो जो अंग चोरून बसतो, त्यामागे १९७३ सालचे हे भूत असते. त्याला स्वतःला ते साल ठाऊक असो वा नसो. वडिलांकडून आलेला संशय हाही एक वारसाच आहे.

या अधिनियमातील दोन कलमे प्रत्येक अल्पमुदतीच्या भाडेकरूने सही करण्यापूर्वी समजून घ्यावी. पहिले कलम ५५. भाड्याचा असो की परवान्याचा, करार लेखी हवा आणि तो नोंदवलेला हवा; नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची; ती त्याने न केल्यास अटींविषयी राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाईल, आणि मालकास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतील. दुसरे कलम २४. परवान्याची मुदत संपताच राहण्यासाठी घेतलेली जागा सोडली पाहिजे. न सोडल्यास ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि सक्षम प्राधिकाऱ्यापुढील चौकशीत लेखी करारनामा हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. या 'निर्णायक' शब्दाचा अर्थ पुष्कळांना पैसे भरल्यानंतर कळतो. दलालाने तोंडी सांगितलेली सवलत, मालकीणबाईंनी चहा देताना दिलेले आश्वासन, 'ते कलम नुसते लिहायला असते हो' हे वकिलाच्या कारकुनाचे वाक्य, यांपैकी कशालाही त्या प्राधिकाऱ्यापुढे किंमत नाही. शिवाय प्रतिवादीला बचाव करण्याची परवानगीसुद्धा समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्रासह अर्ज करून मागावी लागते. ती न मागितली तर अर्जातील म्हणणे मान्य केले असे धरले जाते.

अकरा महिन्यांच्या प्रथेविषयी येथेच सांगणे इष्ट. १९०८च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे होते, सबब नोंदणीचा खर्च आणि खेटे चुकवण्यासाठी मुदत एक महिना कमी धरण्याची चाल देशभर रूढ झाली. महाराष्ट्रात १९९९च्या कायद्याने एका महिन्याचाही करार नोंदवणे सक्तीचे केल्यावर या चालीस अर्थ उरला नाही. तरी दलाल अकरा महिन्यांचाच मसुदा पुढे करतो, कारण त्याचा संगणक अकरा महिन्यांचाच मसुदा जाणतो आणि त्याची दलालीही दर अकरा महिन्यांनी नवी होते. वस्तुतः परवाना तीन महिन्यांचा करता येतो, चोवीस महिन्यांचाही करता येतो, आणि साठ महिन्यांपर्यंतच्या परवान्यास मुद्रांकाचा दर एकच आहे : एकूण भाडे आणि परतावा अनामतीवर सालिना दहा टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर शेकडा पाव टक्का. नोंदणी फी शहरी हद्दीत हजार रुपये आणि ग्रामीण भागात पाचशे. तीस हजार भाडे आणि एक लाख अनामत यांचा अकरा महिन्यांचा करार धरला तर मुद्रांक साडेआठशेच्या आसपास होतो. तोच करार तीन महिन्यांचा केला तर अडीचशेच्या आत. आधार क्रमांक, अंगठ्याचा ठसा आणि छायाचित्र देऊन ही नोंदणी घरबसल्या होऊ लागल्यापासून दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील ताटकळणेही टळले आहे. थोड्या मुदतीचा करार नोंदवणे परवडत नाही ही सबब, तात्पर्य, खोटी आहे.

परवडत नाही ती दलाली. मुंबईत आणि पुण्यात अकरा महिन्यांच्या व्यवहारामागे एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून देण्याचा रिवाज आहे. तीन महिने राहणाऱ्याने ती पूर्ण दिली तर तीस हजारांची जागा त्याला प्रत्यक्षात दरमहा चाळीस हजारांना पडते, आणि मग मालकाकडून एक-दोन हजारांची सूट मिळवण्यासाठी केलेली सारी शब्दखर्ची हास्यास्पद ठरते. म्हणून अल्पमुदतीच्या बोलणीत पहिला प्रतिपक्ष घरमालक नसून दलाल आहे. त्याच्याशी जागा पाहण्यापूर्वीच मुदतीच्या प्रमाणात दलाली ठरवावी; जागा पसंत पडल्यानंतर ते बोलणे काढले तर तो ऐकणार नाही, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही ऐकले नसते.

आता मालकाकडे वळू. थोड्या मुदतीसाठी तो शेकडा दहा टक्के अधिक मागतो तेव्हा त्याला लोभी ठरवण्याची घाई करू नये. सहा महिन्यांचा रहिवास आणि मागून एक रिकामा महिना असे चक्र चालू राहिले तर सात महिन्यांतील एकाचे, म्हणजे शेकडा चौदांहून अधिक, उत्पन्न बुडते. शिवाय दर खेपेस रंगरंगोटी, दलाली, आणि नव्या माणसाची पारख. त्याची मागणी या रिकाम्या महिन्याची भरपाई आहे. ती कमी करून घेण्याचा मार्ग 'मी फार गरजू आहे' असे सांगणे हा नव्हे. रिकामा महिनाच नाहीसा करून देणे हा आहे. निघण्याच्या दोन महिने आधी लेखी सूचना देण्याचे, आणि त्या काळात ठरल्या वेळी नव्या माणसांना जागा दाखवू देण्याचे कलम जो स्वतः होऊन सुचवतो, त्याने मालकाच्या हाती दहा टक्क्यांहून मोलाची वस्तू ठेवलेली असते. त्याचप्रमाणे मुदत कोणत्या महिन्यात संपते याचाही विचार करावा. शाळा-महाविद्यालये सुरू होण्यापूर्वी, मे-जूनमध्ये, जी जागा मोकळी होते ती आठवड्यात लागते. तीच श्रावणात, कोसळत्या पावसात मोकळी झाली तर सामान घेऊन कोण फिरणार? आपल्या गरजेला धक्का न लागता मुदत अशा रीतीने पुढेमागे करता येत असेल तर ती करावी आणि तिचे श्रेय बोलणीत घ्यावे.

दुसरे कलम 'लॉक-इन'चे, म्हणजे ठराविक महिने कोणत्याही पक्षास करार मोडता येणार नाही या अटीचे. महिन्यामहिन्याने राहणे म्हणून ज्याला म्हणतात ते महाराष्ट्रात साधते ते अशा करारातून, ज्याची लेखी मुदत अकरा किंवा चोवीस महिन्यांची आहे, परंतु ज्यात लॉक-इन नाही आणि एका महिन्याच्या सूचनेने निघता येते. भाडेकरू ही मोकळीक मागतो खरी, पण तीच मोकळीक मालकासही मिळाली हे त्याच्या ध्यानात येत नाही. ज्या दिवशी मालकाचा पुतण्या परदेशातून परत येतो त्या दिवशी ते येते. छापील मसुद्यात दोन्ही बाजूंचा सूचनाकाळ समान असतो, आणि समानता हीच न्याय्य वाटण्याचा माणसाचा स्वभाव आहे. पण दोघांची स्थिती समान नसते. जाणाऱ्यास दुसरे घर, दुसरी अनामत, दुसरी दलाली आणि टेम्पोचे भाडे एका महिन्यात उभे करायचे असते. मालकास फक्त वाट पाहायची असते. म्हणून सूचनाकाळ विषम मागावा : मालकाने दोन किंवा तीन महिन्यांची सूचना द्यावी, राहणाऱ्याने एका महिन्याची, किंवा पहिले सहा महिने लॉक-इन मालकावर असावा, राहणाऱ्यावर नसावा. निघताना दोन महिन्यांची सूचना देण्याचे वर सांगितलेले आश्वासन आणि ही विषमता यांत विरोध दिसेल. परंतु त्या दोन नाण्यांपैकी कोणते खर्च करायचे हे आपापली निकड पाहून ठरवायचे असते. ज्याची तारीख निश्चित आहे त्याने दीर्घ सूचना देऊन भाडे उतरवावे, ज्याची अनिश्चित आहे त्याने भाडे थोडे चढू द्यावे आणि सूचनाकाळ आखूड करून घ्यावा. या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत मागणारा मनुष्य काहीच घेऊन परतत नाही.

सुविधाधिकार कायद्यातील दोन जुनी कलमे येथे उपयोगी पडतात, आणि ती फारशी कोणी काढत नाही. परवाना रद्द झाल्यास सामान हलवण्यासाठी वाजवी अवधी मिळण्याचा हक्क ६३व्या कलमाने दिला आहे. आणि मोबदला देऊन राहणाऱ्यास त्याचा दोष नसताना मुदतीपूर्वी बाहेर काढले तर नुकसानभरपाई मागण्याचा हक्क ६४व्या कलमाने. करारात याविषयी मौन असेल तर ही कलमे पाठीशी आहेत एवढे माहीत असले, तरी बोलणाऱ्याच्या आवाजात फरक पडतो.

अनामतीचा विषय सर्वांत कटू आहे. मुंबईत दोनपासून सहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम मागितली जाते, आणि 'हेवी डिपॉझिट' नावाचा एक प्रकार असा की काही लाखांची रक्कम मालकाकडे ठेवून भाडे नाममात्र द्यायचे. पाच लाख रुपये सात टक्क्यांनी गुंतवले असता दरमहा सुमारे एकोणतीसशे मिळतात. तेव्हा भाड्यात त्याहून ठळक कपात होत नसेल तर हा व्यवहार मालकास बिनव्याजी कर्ज देण्याचा आहे, आणि तेही कोणत्याही तारणावाचून. थोड्या मुदतीच्या माणसाने यात कधीही पडू नये, कारण त्याचे पैसे मालकाच्या दुसऱ्या फ्लॅटच्या हप्त्यात किंवा मुलीच्या लग्नात मुरलेले असतात आणि चार महिन्यांत ते बाहेर काढणे मालकासही शक्य नसते. त्याऐवजी अनामत एका महिन्याच्या भाड्याइतकी उतरवून, त्या बदल्यात भाडे तीन महिन्यांचे आगाऊ देण्याची तयारी दाखवावी. आगाऊ भाडे दिवसागणिक फिटत जाते, अनामत मात्र शेवटच्या दिवसापर्यंत दुसऱ्याच्या मुठीत राहते. शेवटचे दोन महिने भाडे थांबवून 'डिपॉझिटमधून कापून घ्या' म्हणण्याची जी सार्वत्रिक रीत पडली आहे ती याच अविश्वासातून. तिच्याबद्दल मालक संतापतात, पण अनामत वेळेवर परत करण्याची कीर्ती त्यांनी कमावली असती तर ही रीत पडलीच नसती. रंगकामाची कपात किती, नळाच्या गळतीचा खर्च कोणाचा, गीझर आणि पंखे कोणत्या अवस्थेत सोपवले, यांची यादी छायाचित्रांसह करारास जोडली की शेवटच्या दिवशीचे निम्मे भांडण पहिल्याच दिवशी संपते.

मालक राजी झाला तरी सोसायटी उरते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदास सदनिका परवान्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी घ्यावी लागत नाही. करारनाम्याची प्रत देऊन कळवले की पुरे. बिनभोगवटा आकारही १ ऑगस्ट २००१च्या शासन आदेशाने सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे. परंतु सचिवसाहेबांच्या नजरेत तीन महिन्यांचा भाडेकरू हा मनुष्य नसून एक उपद्रव असतो, आणि तो अविवाहित असेल तर दुप्पट उपद्रव. 'फक्त फॅमिलीला' हे तीन अक्षरांचे वाटावे इतके सहज उच्चारलेले वाक्य कोणत्या अधिकाराने म्हटले जाते असे विचारले तर उत्तर मिळत नाही, आणि उत्तर न मिळाल्याने घरही मिळत नाही. येथे कायद्याची कलमे वाचून दाखवण्यापेक्षा कचेरीचे पत्र, ओळखपत्र आणि पोलीस ठाण्यास दिलेल्या माहितीची पोच यांचा संच पहिल्याच भेटीत पुढे ठेवणे अधिक फलदायी होते. पोलिसांना भाडेकरूची माहिती देण्याचे हुकूम आयुक्त वेळोवेळी काढतात आणि ते न पाळल्यास झळ मालकास बसते. म्हणून त्याने हा आग्रह धरला तर त्यात अपमान मानण्याचे कारण नाही.

ज्यांना पुरे घर परवडत नाही त्यांची रीत वेगळी. पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठांत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले 'कॉट बेसिस'वर राहतात. तेथे करारनामा क्वचितच असतो, असते ती काकूंची नियमावली : रात्री दहानंतर दार बंद, पाणी जपून, भाडे पाच तारखेच्या आत. ही व्यवस्था कायद्याच्या दृष्टीने अधांतरी आहे, परंतु लवचीकपणात सर्व करारनाम्यांना मागे टाकते. परीक्षा पुढे गेली की मुक्काम पुढे जातो, आणि 'काकू, या महिन्याचे पंधरा तारखेला देतो' हे वाक्य बहुधा चालून जाते.

गोव्यात चित्र आणखी निराळे. तेथे १९६८चा स्वतंत्र भाडे नियंत्रण कायदा आहे, पण आसगाव, हणजूण किंवा शिवोली येथे चार-सहा महिन्यांचे घर शोधणाऱ्याची गाठ पडते ती पर्यटनाच्या हंगामाशी. ऑक्टोबर ते मार्च या काळात दिवसावर घर देऊन जे मिळते ते मासिक भाड्याने मिळत नाही. म्हणून पावसाळ्यापुरते घर सहज आणि स्वस्त मिळते, आणि हंगाम सुरू होताच ते सोडावे लागते. जूनमध्ये प्रवेश करून वर्षभराचा एकच दर ठरवून घेतलेला मनुष्य तेथे भाग्यवान समजावा.

समुद्रापलीकडच्या एका उदाहरणाचा उल्लेख करतो, कारण कॅलिफोर्नियात नोकरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांना त्याचा नित्य अनुभव येतो. तेथे वर्षाचा करार संपल्यावर भाडे देत राहिले की तो आपोआप महिन्यामहिन्याचा होतो. राहणाऱ्याने तीस दिवसांची सूचना द्यायची. मालकाने मात्र रहिवास एक वर्षाचा झाला असेल तर साठ दिवसांची. सूचनाकाळाची जी विषमता आपल्याकडे विनवून मिळवावी लागते ती तेथे कायद्यातच आहे. बारा महिने राहिलेल्यास सबळ कारणावाचून काढता येऊ नये अशी तरतूद २०१९ साली संमत झालेल्या कायद्याने जानेवारी २०२० पासून पुष्कळ घरांना लागू झाली, आणि जुलै २०२४ पासून अनामत सर्वसाधारणपणे एका महिन्याच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. भारतातही केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१मध्ये आदर्श भाडेकरू अधिनियमास मान्यता दिली आणि त्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली. पण तो राज्यांसमोर ठेवलेला नमुना आहे, राज्यांवर बंधनकारक नाही. त्याच अधिनियमात मुदतीनंतर ठाण मांडून बसणाऱ्यास पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडे आकारण्याची तरतूद आहे, यावरून त्याच्या शिल्पकारांनी दोन्ही भयांची सांगड घालण्याचा यत्न केलेला दिसतो.

आपल्याकडे करार संपल्यावर जे घडते ते मात्र बहुधा कोणत्याच कायद्याला धरून नसते. मुदत संपते, दोघांनाही सवड नसते, भाडे दर महिन्याला खात्यात जमा होत राहते, आणि परस्परांचे संबंध चांगले असल्यामुळे कागदाचा विषय काढणे अवघड वाटते. भाडेपट्टा असता तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०६व्या कलमाप्रमाणे, निराळा करार नसल्यास, तो महिन्यामहिन्याचा आणि पंधरा दिवसांच्या सूचनेने संपणारा मानता आला असता. परवान्याचे तसे नाही. मुदत संपलेल्या परवान्यावर राहणारा दुप्पट भरपाईच्या छायेत असतो आणि मालक नोंदणी न केल्याच्या. दोघेही एकमेकांच्या भलेपणावर विसंबून असतात, आणि तो भलेपणा घराला चढ्या दराचे गिऱ्हाईक येईपर्यंत टिकतो. दोन महिन्यांसाठी राहायचे असले तरी दोन महिन्यांचा नवा करार नोंदवावा; त्याचा खर्च वर सांगितलाच आहे. हे शक्यच नसेल तर भाडे जमा करताना कोणत्या महिन्याचे आणि कोणत्या करारान्वये ते लिहावे, मालकाची लेखी संमती, मग ती फोनवरील दोन ओळींची का असेना, जपून ठेवावी, आणि जागा सोडताना किल्ल्या दिल्याची तारीख-वेळेसह पावती मालकाच्या सहीने घेतल्यावाचून टेम्पो हलवू नये. कारण दुप्पट भरपाईचा हिशेब लावायचा झाला तर तो कब्जा परत मिळालेल्या दिवसापर्यंत लावला जातो, आणि तो दिवस कोणता यावर वाद होतात.